छावणीतला अँटेना

माझ्या नवऱ्याचा प्रवासी अँटेना क्रिकेटच्या बॅगेत राहायचा. बॅग साखर कारखान्याच्या क्रीडा मंडळाची होती. मंडळ बुडालं आणि ती भंगारात निघाली, तेव्हा ह्यांनी ती उचलून आणली. तिच्यात एकात एक सरकणारी अ‍ॅल्युमिनियमची नळी होती, खाली बसवायची तिपाई होती, पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून केलेलं वेटोळं होतं, जमिनीत ठोकायची तांब्याची सळई आणि हातोडी होती, आणि पतंगाच्या फिरक्यांवर गुंडाळलेल्या लांबच लांब वायरी होत्या. फिरक्या संक्रांत झाली की स्वस्तात मिळतात, म्हणून घेतलेल्या. पतंग ह्यांनी आयुष्यात कधी उडवला नसेल.

आम्ही दोघंही हौशी रेडिओवाले. म्हणजे काय, हे मला आजवर प्रत्येकाला समजावून सांगावं लागलेलं आहे आणि आजवर कुणालाही ते नीट समजलेलं नाही. आकाशवाणी नव्हे, पोलिसांचं वायरलेसही नव्हे. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना घ्यायचा, आणि मग घरातल्या खोक्यातून दूरच्या कुणाशी तरी बोलायचं. बोलायचं म्हणजे आज ऊन किती, अँटेना कोणता, आवाज कसा येतोय, एवढंच. सरकार प्रत्येकाला इंग्रजी अक्षरं आणि आकडा मिळून एक खूण देतं. हवेत तेच तुमचं नाव. ह्यांची खूण वेगळी, माझी वेगळी.

हे कारखान्याच्या वायरलेस खोलीत कामाला होते. सहकारी कारखाना, आजूबाजूच्या गावांचा. कोणत्या फडात तोड चालू आहे, किती गाड्या निघाल्या, कुठे ट्रॅक्टर पलटी झाला, हे गावोगावच्या गट कार्यालयांतून ह्यांच्या कानावर यायचं. तिथे ह्यांना हा नाद लागला. मी आष्टीला शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून लग्नानंतर मलाही परीक्षेला बसवलं. घरात एकट्याने खोक्याशी बडबड केली तर लोक वेडा म्हणतील, दोघांनी केली तर छंद म्हणतील, असा ह्यांचा हिशेब.

मग पाऊस कमी होत गेला. ऊस सरला, धुराडं थंड पडलं. हे तरी रोज त्या खोलीत जाऊन बसायचे. पलीकडून कुणी बोलत नसे, कारण बोलायला फडच उरले नव्हते. त्या वर्षी पावसाळा आला तसा गेला आणि त्याच पावसाळ्यात हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टरने हृदय म्हणून सांगितलं. मला ते कारण पटलं किंवा पटलं नाही, असं काहीच झालं नाही.

हे मी कौतुकाने सांगत नाही. मला काही वाटतच नव्हतं. दहाव्याला आलेल्या बायका माझ्याभोवती बसून गळा काढायच्या आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघायच्या, आता तुझी पाळी अशा नजरेने. मी मनात चहाला किती कप लागतील ते बघत होते. पुरुषमंडळी म्हणाली, बाई खंबीर आहे. बायका म्हणाल्या, दगड आहे. मला दोन्हींचा सारखाच राग आला, म्हणजे थोडासा आला आणि लगेच गेला.

कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. गच्चीवरचा मोठा खांब उतरवला. मी आष्टीत एका पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्याने घेतली. तिथे खिडकीला एक वायर लोंबती ठेवून मी ह्यांचा सेट लावला. का लावला, सांगता येणार नाही. भिंतीला कपाट लावतात तसा लावला. त्या वायरीवर ऐकू यायचं, बोलता मात्र यायचं नाही. गच्चीवर काठी उभी करू देता का, असं घरमालकाला विचारलं, तर म्हणाला वीज पडेल. ढगाचा पत्ता नव्हता, वीज पडायची कुठून? पण घरमालकाशी वाद घालण्याइतका जीव माझ्यात नव्हता.

दर रविवारी सकाळी, गिरणी सुरू व्हायच्या आधी, हवेत आमचा मराठी मंडळींचा कट्टा भरायचा. पुण्याकडचे एक निवृत्त गृहस्थ तो चालवायचे. एकेकाची खूण पुकारायची, त्याने हजेरी द्यायची, दोन वाक्यं बोलायची, पुढचा. ह्यांनी वर्षानुवर्षं एक रविवार चुकवला नव्हता. त्यामुळे ते गृहस्थ ह्यांची खूण पुकारायचे. थांबायचे. पुन्हा पुकारायचे. आणखी एकदा पुकारून म्हणायचे, "बहुतेक प्रवासात असतील. पुढच्या रविवारी बघू." आणि पुढची खूण घ्यायचे.

मी कॉटवर बसून हे ऐकायचे. दसरा गेला, दिवाळी गेली, तरी हे आपले प्रवासात.

फोन करता आला असता. पत्र टाकता आलं असतं. तसं मनाशी घोळवलंही. पण फोन केला असता तर एकाला सांगावं लागलं असतं, त्याने अरेरे म्हटलं असतं, कसं झालं म्हणून विचारलं असतं, मग दुसऱ्याचा फोन आला असता. मला एकदाच सांगायचं होतं, सगळ्यांना, आणि सेट बंद करायचा होता. शिवाय एक गोष्ट माझ्या उशिराच ध्यानात आली. ‘माझा नवरा वारला’ हे वाक्य मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नाही. जो तो आला तो कळूनच आला. ते एक वाक्य माझ्याकडे तसंच पडून होतं, आणि ऐकायचं बाकी असलेले लोक जगात एवढेच, रविवार सकाळचे, उरले होते.

म्हणून एका शनिवारी मी क्रिकेटची बॅग आणि सेट घेतला आणि सासऱ्यांच्या गावाला निघाले. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मॅच हाय का म्याडम?" मी हो म्हटलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. सासूबाई आधीच गेलेल्या, आणि लेक हा एकच. मामा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. गावात दूध उरलं नव्हतं, पण चेअरमन उरले होते, आणि त्या साली संस्थेने जनावरांची चारा छावणी घेतली होती. छावणी ओढ्यापलीकडे आमच्याच रानात होती. बांबूंवर हिरवी जाळी टाकलेल्या लांब रांगा, दावणीला बांधलेली जनावरं, कानात बिल्ले, उसाच्या वाढ्यांचे ढीग, आणि टँकर कधी येतो म्हणून रस्त्याकडे लागलेली माणसं. ज्यांच्या घरचे तरणेताठे ऊसतोडीला गेलेले, त्यांची म्हातारी माणसं जनावरांपाशीच वस्तीला. मामा दिवसभर तिथे. मी गेले की रात्री जेवताना आम्ही दोघं बोलायचो ते जनावरांबद्दल. कुणाची गाय व्याली, कुणाच्या बैलाला लाळ्या झाला. लेकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यामुळे आमचं दोघांचं बरं चाललं होतं.

"रानात जाऊन येते," एवढंच मी सकाळी म्हणाले. बॅग कसली, ते मामांनी विचारलं नाही. ट्रॅक्टरची बॅटरी मागितली, तीही दिली.

छावणीच्या वरच्या अंगाला, गलका ऐकू येणार नाही इतक्या लांब, मी जागा धरली. उभा अँटेना लावणं तसं अवघड नाही. तिपाई उघडायची, तिच्यावर वेटोळं बसवायचं, वेटोळ्यावर नळी, आणि नळी एकेक घर ओढत वर न्यायची. पण उभ्या अँटेनाला खालची जमीन लागते. वर दिसते ती अर्धी काठी, उरलेली अर्धी जमीन, असं हे सांगायचे. जमीन चांगली नसेल तर वायरी पसरून तिची उणीव भरून काढायची. म्हणून मी फिरक्या सोडत काठीपासून चारी दिशांनी चालत गेले आणि वायरी पसरल्या. सळई ठोकायला घेतली, तर ती ठोकायची गरजच पडली नाही. काळ्या रानाला पडलेल्या भेगेत ती सरळ उतरली आणि सैल लटकत राहिली. दुसरीकडे ठोकली तर ढेकळ फुटलं आणि सळई आडवी.

एवढ्यात छावणीतली एक म्हातारी वर आली. तिची एक गाय आणि दोन बैल छावणीत होते, लेक आणि सून लांबच्या कारखान्यावर तोडीला गेलेले. कमरेवर हात ठेवून तिने सगळं नीट बघितलं. काठी, सळई, चारी दिशांना गेलेल्या तारा.

"पाणी बगायलीस का माय?"

"नाही हो आजी. हा अँटेना आहे."

"आसंल. आमच्यातला पाणाडी नारळ घिऊन हिंडतो. तुजं शिकल्याल्या माणसाचं येगळं. किती फुटावर लागंल?"

"पाण्याचं नाही हे. रेडिओचं आहे. बोलायचं."

"कुनाशी?"

पुण्याकडच्या माणसांशी, असं मी सांगितलं. बिनतारी बोलता येतं, असंही सांगितलं, आणि सांगताना पायाखाली पसरलेल्या तारांकडे माझं मलाच लक्ष गेलं. म्हातारीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नको सांगूस. चेरमननं सांगितलं आसंल, कुनाला बोलू नको म्हनून. पर जरा खालच्या अंगाला बग. वर कावून बगायलीस? वर दगूड हाय."

मी तिच्याकडे पाठ केली आणि सेट लावला. कट्टा भरला होता. एकेक आवाज येत होता, बारीक, पण स्वच्छ. गिरणीवरच्या खोलीत असा कधी आला नव्हता. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं; मी मध्ये माझी खूण सांगितली. कुणी ओळख दिली नाही. पुन्हा सांगितली. त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून तसंच पुढे गेलं. किती ताकद अँटेनातून परत फिरते ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा मात्र शहाण्यासारखा खाली, सगळं ठीक असल्याचं सांगत होता. हे म्हणायचे, काट्यावर जाऊ नकोस. कोरड्या जमिनीत काटा नेहमीच चांगला दिसतो. काही परत येत नाही म्हणजे सगळं वर गेलं असं नव्हे. मातीने गिळलेलं पण काट्यावर दिसत नाही.

मग ह्यांची खूण पुकारली गेली. तीनदा. मी बटण दाबून ओरडले, म्हणजे माझ्या मानाने ओरडले. तिकडे कुणी ऐकलं नाही. "बहुतेक प्रवासात असतील," गृहस्थ म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू."

मला रडू आलं नाही. कंटाळा आला. मी फिरक्या गुंडाळल्या.

ओल हवी होती, हे उघड होतं. हे असते तर सळईभोवती बादलीभर मिठाचं पाणी ओतून मोकळे झाले असते. पण त्या गावात, त्या साली, मातीत ओतायला बादलीभर पाणी मागायचं कुणाकडे? टँकर आला की बायका घागरींवर घागरी आपटायच्या. मी विचारलं असतं तर मामांनी बादली दिली असती, नाही म्हणाले नसते. म्हणूनच विचारलं नाही.

परत जाताना वाट छावणीतून होती. मधली एक रांग त्या दिवशी रिकामी केली होती, शेण ओढायला जनावरं पलीकडे हलवलेली. तिथून चालताना माझी चप्पल रुतली. खाली बघितलं. काळी, मऊ, चिकट जमीन, लांबच लांब पट्टा. महिनोन्‌महिने शेकडो जनावरांनी दिवसरात्र मुतून भिजवलेली. खारट, आणि आत खोलवर ओली. अख्ख्या पंचक्रोशीत याहून चांगली जमीन अँटेनाला मिळाली नसती. मी बॅग खाली ठेवली, सळई काढली आणि तिथेच दाबून बघितली. हातानेच वीतभर गेली. हातोडी मारली तशी गपकन खाली उतरली आणि घट्ट बसली. बऱ्याच महिन्यांनी एखादी गोष्ट मनासारखी झाली होती. मी हसले असेन. नक्की हसले असेन, कारण म्हातारी मागून सगळं बघत होती, आणि पुढचं सगळं त्या हसण्यावरून झालं.

मी शाळेसाठी आष्टीला परतले. मधल्या दिवसांत गावात काय शिजलं, ते मला पुढच्या शनिवारी कळलं. चेअरमनच्या सुनेने यंत्राने पाणी बघितलं. वर नाही म्हणाली, खाली हाय म्हणाली. सळई हाताने आत गेली. तोंडावरून कळत होतं, लई पाणी हाय. मी सळई ठोकली त्या जागेवर कुणीतरी धोंडा रोवून त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि ती रांग तशीच रिकामी ठेवलेली. लोकांनी मामांच्या मागे लकडा लावला होता: संस्थेने तिथे बोअर घ्यावा, गाडी बोलवावी. तिथे जनावरांचं मूत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांच्याच तर जनावरांचं ते. पण त्यावरही उत्तर तयार होतं. खाली पाणी आहे म्हणूनच तर वरची ओल टिकली. मी विज्ञान शिकवते. ह्या तर्काला फळ्यावर खोडणं मला जमलं नसतं.

रात्री जेवण झाल्यावर मामा म्हणाले, "माय, एक इचारू का?"

"विचारा ना."

"खरंच पानी हाय का खाली?"

त्यांनी हे ज्या आवाजात विचारलं, त्यावरून मला कळलं की लोकांचं जाऊ द्या, त्यांनाही ते हवं होतं. चेअरमन म्हणून नव्हे. लेकाच्या यंत्राने गावाला पाणी दाखवलं, असं काहीतरी त्यांना हवं होतं. मला खोटं सांगता आलं असतं. बोअर लागलाही असता, कुणी सांगावं.

"नाही मामा," मी म्हणाले. "मला पाण्यातलं काही कळत नाही. ते यंत्र बोलायचं आहे. ह्यांचंच आहे."

मामांनी पुढ्यातला तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "कुनाशी बोलतीस?"

"ह्यांच्या दोस्तांशी. त्यांना अजून कळलेलं नाही."

काय कळलेलं नाही, हे मी बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पानाचा डबा ओढला, उघडला, बंद केला. "मी येतो सकाळी," म्हणाले. "मानसं ऐकनार न्हाईत तुझं. मी असंल तर लांब ऱ्हातील."

माणसं लांब राहिली खरी, पण आली. ओळीने छावणीच्या कडेला बसली, एकाच्या हातात नारळही होता. मामांनी त्यांना हात करून सांगितलं, "पान्याचं न्हाई बे त्ये! घरी जावा!" कुणी हललं नाही. चेअरमन असंच म्हणणार, एवढी राजकारणाची समज गावात प्रत्येकाला असते. म्हातारी मात्र पार जवळ येऊन बसली. एक वासरू सुटून माझ्या वायरींत पाय अडकवायला बघत होतं, तेवढं तिने धरून ठेवलं.

मी धोंड्याशेजारी तिपाई उघडली. वास असा होता की डोळ्यांतून पाणी यावं, आणि आलंही. ते बघून म्हातारीने मान हलवली. तिचा गैरसमज मी दूर केला नाही. सळई हातोडीच्या चार ठोक्यांत गेली. फिरक्या सोडल्या. नळी एकेक घर करत वर ओढली. मामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. एकदा म्हणाले, "हे त्येनं केलं?" वेटोळ्याकडे बोट होतं. मी हो म्हटलं. त्यांनी बोटाने तारेचे पदर चाचपले, धान्यात खडे बघावेत तसे, आणि हात मागे घेतला.

कट्टा भरला. आवाज आज दणदणीत. मी माझी खूण सांगितली आणि बटण सोडलं. मग पुण्याकडचे गृहस्थ जवळजवळ ओरडलेच, "अरे वा! वहिनी! वहिनी आल्यात! काय छान आवाज येतोय! कुठून बोलताय?" मागून आणखी दोघा-तिघांनी नमस्कार केला, एकमेकांच्या अंगावर पडत.

मी म्हणाले, आष्टीजवळून बोलतेय, रानातून, उभ्या अँटेनावर. सेट तोच, ताकद कमी. हे सगळं मला सहज बोलता आलं.

"उत्तम, उत्तम! आणि आमचे दोस्त कुठायत? इतके महिने पत्ता नाही. द्या जरा त्यांना."

मी बटण दाबलं. वाक्य तयार होतं. पाठ केलं होतं, एसटीतही म्हणून बघितलं होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच निघालं नाही. दुःखाने कंठ दाटतो म्हणतात, तसंही नव्हतं. दाटायला काही नव्हतंच. नळ सोडावा आणि नुसता फुसफुस वारा यावा, तसं. मी बटण सोडलं.

"वहिनी, तुटलं काहीतरी. पुन्हा सांगा."

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. अंगाला घाम आला, तो मात्र खरा.

"वहिनी ऐकू येत नाहीत," ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले. "थांबा, त्यांनाच हाक मारून बघतो, तिथेच असतील." आणि त्यांनी ह्यांची खूण पुकारली. अक्षर अक्षर सुटं करून, सावकाश, हसऱ्या आवाजात. थांबले. पुन्हा पुकारली.

मामांनी सेटकडे मान केली. "ह्यो कुनाला हाका मारायलाय?"

"तुमच्या लेकाला."

सेटमधून तिसऱ्यांदा तीच अक्षरं आली.

"आजूनबी?"

"दर रविवारी, मामा."

"आन कुनीच ओ देत न्हाई?"

मी नाही म्हणाले. मामांचा चेहरा बदलला, तो रागाने बदलला. आमच्याकडे माणसाने हाक मारत राहावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, हे वाईटच. दारात आलेल्याला असं तिष्ठत कुणी ठेवत नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला. "आन इकडं."

परवाना नसलेल्या माणसाच्या हातात माइक द्यायचा नाही, हा नियम आहे. ह्यांनी तो जन्मभर पाळला. स्वतःच्या बापालाही कधी एक शब्द बोलू दिला नव्हता. मी माइक मामांच्या हातात दिला. बटण दाबायचं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या बोटांवरून माझा अंगठा टेकवून मीच दाबलं.

"ओ," मामा म्हणाले. लांबच्या रानातल्या माणसाला द्यावी तशी मोठ्याने, गळा ताणून. कडेला बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"मी त्याचा बाप बोलतोय. त्यो न्हाई. पावसाळ्यात गेलाय त्यो." ते थांबले. आपण काय बोललो ते ऐकत असल्यासारखे थांबले. "मेला माजा ल्योक. आता नका हाका मारू त्येला, बापू. त्यो न्हाई यायचा."

आणि तिथे त्यांचा आवाज फुटला. इतक्या महिन्यांत मामांना मी रडताना पाहिलं नव्हतं. दहाव्यालाही ते चाऱ्याच्या गाडीमागे होते. आता माइक तोंडाशी तसाच धरून ते रडत होते, ओल्या जमिनीत गुडघे टेकवून, आणि ते सगळं काठीवरून वर चाललं होतं. बटण सोडलं तर ते वर जायचं थांबलं असतं. तिकडच्या माणसांनी काहीतरी बरं, समजूतदार बोलायला सुरुवात केली असती. मला त्या घडीला वाईट वाटलं. नवरा गेल्याचं वाईट, एवढं साधं, जे कधीच वाटायला हवं होतं. डोळ्यांतलं पाणी वासाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही. मामांच्या बोटांवर माझा अंगठा दाबून धरून मी बसून राहिले, आणि त्यांचं रडणं सरेपर्यंत मी बटण सोडलं नाही.